पिवळटलेल्या हेडलाइटना घरच्या घरी उजाळा

नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेले पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होय. बाजार समितीत माल घेऊन येणारे पिकअप, द्राक्षांचे क्रेट भरलेले टेम्पो, कांद्याच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि महामार्गावरून धडधडत जाणारे मालट्रक यांची वर्दळ येथे रात्री-अपरात्रीही थांबत नाही. हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद अनेकदा याच तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात होते. अशा दिवसांत पहाटेच्या वेळी दव आणि धुके यांचीही भर पडते. अशा रस्त्यावर वाहनाचा दिवा नीट असणे ही चैनीची बाब नव्हे. तरीही आठ-दहा वर्षे जुन्या मोटारींकडे पाहिले, तर त्यातील कित्येकींच्या हेडलाइटना अक्षरशः मोतीबिंदू झालेला दिसतो.

दिव्याचा बल्ब चांगला असतो, बॅटरी चांगली असते, पण दिव्यावरील पारदर्शक आवरण पिवळे आणि धूसर झालेले असते. अमेरिकेतील ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ या वाहनधारकांच्या संस्थेने २०१८ मध्ये जुन्या मोटारींच्या अशा दिव्यांची चाचणी घेतली. धूसर झालेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश मिळतो, असे तीत आढळून आले. हेच दिवे घासून-पुसून नीट केल्यावर प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

हे आकडे रस्त्यावरच्या अंतरात मांडले की त्यांचे गांभीर्य ध्यानात येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर अंतर कापले जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबण्यास आणखी २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर. वेग ताशी ८० किलोमीटर असेल, तर हेच अंतर ७० मीटरच्या घरात जाते. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली या अंतराच्या आत आल्यावरच दिसणार असेल, तर चालकाचे कौशल्य फारसे कामी येत नाही.

काच गेली, प्लास्टिक आले

फियाट आणि अँबॅसॅडरच्या जमान्यात हेडलाइटची काच पिवळी पडल्याचे कोणी ऐकले नव्हते. ती काच खरोखरीची काच होती. दगड लागला की फुटायची, पण उन्हाने तिचे काही बिघडत नसे. त्या काळातील मोटारींच्या दिव्यावर रंगविलेला काळा ठिपका अनेकांना आठवत असेल. समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता.

पुढे काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली. जर्मनीतील बायर कंपनीचे हर्मान श्नेल आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोन रसायनतज्ज्ञांनी १९५३ मध्ये हे प्लास्टिक एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. वजनाला ते काचेच्या निम्मे भरते, हातोडीचा घावही सहन करते आणि हव्या त्या वळणात ओतता येते. अमेरिकेत १९८३ मध्ये नियम बदलल्यानंतर फोर्ड कंपनीच्या ‘लिंकन मार्क सेव्हन’ या १९८४ च्या मॉडेलवर बदलता येण्याजोगा बल्ब असलेले प्लास्टिकचे हेडलाइट आले आणि पाहता पाहता ही पद्धत जगभर रूढ झाली. मोटारीच्या नाकाला निमुळता आकार देणे त्यामुळेच शक्य झाले.

मात्र या प्लास्टिकचे उन्हाशी वैर आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पॉलिकार्बोनेटच्या रेणूंची जोडणी मोडतात. त्यातून जी नवी संयुगे तयार होतात, ती पिवळी असतात. म्हणूनच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लेन्सवर अतिनील किरण अडविणारा एक कठीण, पारदर्शक लेप दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याच्याविषयी कोणी बोलतही नाही. पण दिव्याचे आयुष्य म्हणजे या लेपाचे आयुष्य, असेच म्हणावे लागेल. ऊन, बल्बची उष्णता, महामार्गावर पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडणारी खडी, कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याची सवय या सर्वांनी तो झिजतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि पापुद्रे निघतात. मग ऊन थेट प्लास्टिकपर्यंत पोहोचते. नव्या मोटारींच्या लेन्स बॉनेटकडे कललेल्या असतात. त्यामुळे आकाशाकडे तोंड असलेला वरचा भाग आधी पिवळा पडतो, खालचा भाग बराच काळ स्वच्छ राहतो. रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीचा एक दिवा दुसऱ्याहून अधिक बिघडलेला दिसतो, तोही याच कारणाने.

द्राक्षपट्ट्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. पॉलिकार्बोनेटला अल्कधर्मी पदार्थ सोसत नाहीत. बोर्डो मिश्रणात चुना असतो. फवारणीची टाकी वाहून नेणाऱ्या पिकअपच्या दिव्यांवर असे शिंतोडे उडाले, तर ते वाळू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाकणे श्रेयस्कर.

पिवळेपणा ही घाण नसून जळालेला थर आहे, ही एक बाब ध्यानात आली की पुढील सर्व कृती आपोआप समजते. घाण असती, तर साबणाने गेली असती. जळालेला थर खरवडूनच काढावा लागतो आणि तो काढला की खालचे प्लास्टिक उघडे पडते. त्याला पुन्हा नवे पांघरूण घालावे लागते. बहुतेकांचे काम फसते ते या दुसऱ्या भागात.

आधी निदान

काम सुरू करण्यापूर्वी बिघाड कोठे आहे, हे पाहिले पाहिजे. सर्वप्रथम लेन्सवर नखाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला, तर ती काच आहे. तिच्यावरील धूसरपणा निराळा आणि त्याला पुढील उपाय लागू नाही. बद्द आवाज आला, तर प्लास्टिक.

त्यानंतर लेन्स साबणाच्या पाण्याने धुऊन, ओली असतानाच तिच्याकडे पाहावे. पाण्याने भिजताच ती पुष्कळशी स्वच्छ दिसू लागली आणि वाळल्यावर पुन्हा दुधाळ झाली, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पृष्ठभागावरील सूक्ष्म खड्डे पाण्याने भरले जातात आणि प्रकाश विखुरणे कमी होते, म्हणून असे घडते. हे शुभलक्षण समजावे. असा दिवा घरी नीट करता येतो.

भिजवूनही फरक पडला नाही, तर बिघाड आत आहे. आतल्या बाजूला वाफ धरली असेल, तर पावसाळ्यात किंवा थंडीच्या पहाटे असे थोडेफार होणे स्वाभाविक आहे. दिवा काही वेळ पेटला की ती वाफ जाते. पण तळाशी पाणी साचलेले दिसत असेल, तर लेन्स आणि खोका यांमधील सांधा उघडला आहे किंवा मागचे रबरी झाकण नीट बसलेले नाही. बल्बमागचा चकचकीत परावर्तक काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. लेन्सच्या आत खोलवर केसासारख्या तडा दिसत असतील, तर त्याही जाणाऱ्या नव्हेत. अशा वेळी नवा दिवा बसविणे हाच मार्ग उरतो.

टूथपेस्ट आणि इतर जुगाड

हेडलाइट उजळण्याच्या घरगुती युक्त्या तोंडोतोंडी आणि मोबाइलवरून फिरत असतात. त्यातील सर्वांत लोकप्रिय म्हणजे टूथपेस्ट. ती अगदीच खोटी नाही. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाची बारीक भुकटी असते. तिने लेन्सचा वरवरचा मळकट थर निघतो आणि तासाभरात दिवा उजळल्यासारखा दिसतो. पण या भुकटीने खोलवर गेलेला पिवळेपणा निघत नाही, उरलासुरला संरक्षक लेप मात्र निघून जातो. त्यामुळे काही आठवड्यांतच लेन्स पूर्ववत होते आणि पुढच्या खेपेस अधिक वेगाने पिवळी पडते. लग्नाकार्याला गाडी न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. एरवी टूथपेस्ट दातांसाठीच ठेवावी.

डास पळविणाऱ्या औषधाचा फवारा मारल्यास लेन्स क्षणात चमकते, ही दुसरी युक्ती तर घातकच आहे. अशा औषधांतील ‘डीट’ हे रसायन अनेक प्लास्टिक विरघळविते. लेन्सचा पृष्ठभाग त्याने मऊ पडून काही काळ गुळगुळीत दिसतो, चमक येते ती त्यामुळे. शिवाय शेजारच्या रंगावर थेंब पडले तर रंगही खराब होतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडा जातात. या तडा कोणत्याही पॉलिशने निघत नाहीत. रॉकेल किंवा खाद्यतेल चोपडल्यावर दिसणारी चमक ही ओल्या लेन्सचीच चमक होय. धूळ बसेपर्यंत टिकते, इतकेच. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही या प्लास्टिकसाठी नाही.

अलीकडे एका विजेच्या पेल्यात द्रव तापवून त्याची वाफ लेन्सवर सोडण्याची पद्धत पाहावयास मिळते. लेन्स डोळ्यांदेखत आरशासारखी होते, हे खरे. पण या कामासाठी डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मसारखी द्रावके वापरली जातात. त्यांची वाफ श्वासावाटे शरीरात जाणे धोक्याचे असते. डायक्लोरोमिथेनच्या सर्व घरगुती वापरांवर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये बंदी घातली, यावरून काय ते समजावे. घरात लहान मुले वावरत असताना अंगणात हा प्रयोग करू नये. प्रयोग कोणी दुसऱ्याने केला, तरी त्यानंतर संरक्षक लेप लावावाच लागतो. वाफेने तो येत नाही.

पॉलिश पेपरचा क्रम

घरी करावयाच्या कामासाठी लागणारे साहित्य हार्डवेअरच्या आणि मोटारीच्या रंगाच्या दुकानांत मिळते. पाण्यात वापरावयाचा पॉलिश पेपर, ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० या क्रमांकांचा घ्यावा. क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक. याशिवाय मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश, दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, पाणी फवारण्याची बाटली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अतिनील किरणरोधक लेप एवढे साहित्य पुरते. या शेवटच्या वस्तूवाचून काम सुरूच करू नये. लेप उद्या आणू, असे म्हणून आज लेन्स घासून ठेवणे म्हणजे जखमेवरची खपली काढून पट्टी बांधायचे विसरणे होय.

जागा सावलीची हवी. कडक उन्हात लेन्स तापलेली असते, पाणी लगेच वाळते आणि लेप सारखा पसरत नाही. वाराही नको. पिंपळगाव परिसरात कांद्याच्या खळ्याजवळ किंवा चाळीजवळ हे काम काढले, तर ओल्या लेपावर टरफलांचा कोंडा चिकटलाच म्हणून समजावे. वाऱ्याचा जोर नसलेली सकाळ आणि बंद पडवी किंवा शेड ही उत्तम सोय.

प्रथम दिवे धुऊन कोरडे करावेत. बॉनेट उघडून, दिव्याच्या कडेने रंगावर आणि बंपरवर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. एक थर पुरत नाही. घासताना हात हमखास कडेबाहेर जातो आणि बाराशे-पंधराशे नंबरचा कागद मोटारीच्या रंगाची चमक एका फटक्यात घालवितो. टेप लावण्यातील पाच मिनिटांचा आळस पुढे रंगाऱ्याच्या दारात नेतो.

कोठल्या क्रमांकापासून सुरुवात करावी, हे दिव्याच्या अवस्थेवर ठरते. नुसताच धूसरपणा असेल, तर १५०० पुरे. पिवळेपणा दाट असेल, तर १०००. जुन्या लेपाचे पापुद्रे निघून लेन्स नकाशासारखी दिसत असेल, तर ८०० ला पर्याय नाही, कारण अर्धवट राहिलेल्या लेपाच्या कडा शेवटपर्यंत दिसत राहतात. कागद दहा मिनिटे पाण्यात भिजवून, स्पंजाच्या तुकड्याभोवती गुंडाळून, लेन्सवर सतत पाणी मारत आडव्या रेषेत घासावे. हाताचा जोर बेताचा असावा. थोड्याच वेळात पिवळसर, दुधट पाणी ओघळू लागते. हे पाणीच कामाचा खरा मापक होय. पिवळे पाणी येत आहे तोवर जुना थर शिल्लक आहे. पाणी पांढरे झाले की तो संपला. बिघडलेला थर केसाच्या जाडीहूनही कमी असतो, त्यामुळे फार खोल जाण्याची गरज नसते.

या टप्प्यावर लेन्स पूर्णपणे दुधी काचेसारखी दिसते आणि प्रथमच हे काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दिवा कायमचा बिघडला, असे वाटून काम अर्धवट सोडण्याचे कारण नाही. सर्वत्र सारखा दुधट रंग येणे, हीच या टप्प्याची अपेक्षा आहे. मध्येच एखादा चकचकीत ठिपका राहिला असेल, तर तेथे जुना लेप चिकटून आहे असे समजून तो काढावा.

यानंतर पुढच्या क्रमांकाचा कागद घ्यावा आणि आता उभ्या रेषेत घासावे. दिशा बदलण्यामागे साधे कारण आहे. आडवे ओरखडे सर्व नाहीसे झाले की आधीच्या कागदाची खूण पुसली गेली, हे डोळ्यांना कळते. त्यापुढच्या कागदाला पुन्हा आडवी दिशा. प्रत्येक वेळी लेन्स आणि स्पंज धुऊन घ्यावा, अन्यथा जाड कागदाचा एखादा कण बारीक कागदाखाली सापडून सगळी मेहनत वाया जाते. मधला क्रमांक गाळून वेळ वाचत नाही. ८०० नंतर थेट २००० घेतल्यास खोल ओरखडे तसेच राहतात, ते दिवसा दिसत नाहीत, पण रात्री दिवा लावल्यावर प्रकाश विखुरतात.

३००० चा कागद फिरवून झाल्यावर लेन्स किंचित धुरकट, परंतु आरपार दिसणारी होते. मग रबिंग कंपाउंड कापडावर घेऊन वर्तुळाकार चोळावे आणि शेवटी बारीक पॉलिश करावे. ड्रिलला पॉलिशची गादी लावून हे काम झटपट करता येते, पण पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि एकाच जागी यंत्र धरल्यास तेवढी उष्णता घर्षणाने निर्माण होऊ शकते. वेग कमी ठेवून यंत्र सतत फिरते ठेवावे. हाताने करणाऱ्यास हा धोका नाही, केवळ खांदे भरून येतात. दोन्ही दिव्यांना मिळून दोन तास धरून चालावे.

खरी मेख शेवटच्या लेपात

चकचकीत झालेली लेन्स पाहून बहुतेक जण हात धुतात. येथेच फसगत होते. या क्षणी लेन्स दिसायला नवी असली, तरी उन्हापासून तिला कोणतेही संरक्षण उरलेले नाही. नाशिक जिल्ह्यातील एप्रिल-मेच्या उन्हात अशी उघडी लेन्स एकच हंगाम काढते. पॉलिशवर मेण लावण्याचा सल्ला दिला जातो, पण मेण काही आठवड्यांत धुऊन जाते. नियमाने दर महिन्याला लावण्याचा उत्साह कोणाचा टिकेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यासाठी हेडलाइटकरिता बनविलेला, अतिनील किरण अडविणारा पारदर्शक लेप हवा. खरेदी करताना डबीवर तसा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, ते पाहावे. नुसते ‘चमक आणणारे’ किंवा ‘पुनरुज्जीवन करणारे’ असे लिहिलेले असल्यास तो बहुधा पॉलिशचाच प्रकार असतो. दुकानात मिळणारा साधा पारदर्शक लॅकर स्प्रे स्वस्त पडतो, परंतु त्यात अतिनील किरणरोधक घटक नसल्यास तो स्वतःच पिवळा पडून पापुद्रे धरतो आणि पुढच्या वेळी ८०० पासून सुरुवात करावी लागते. मोटारीच्या रंगासाठी वापरला जाणारा, हार्डनर मिसळावयाचा दोन भागांचा क्लिअर कोट टिकाऊ असतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या तुषारांमुळे दम्यासारखा विकार जडू शकतो. योग्य मुखवटा आणि रंगकामाची बंदिस्त खोली असलेल्या रंगाऱ्याकडूनच तो मारून घ्यावा. घरी साध्या कापडी मास्कवर भागवू नये.

लेप लावण्यापूर्वी पॉलिशमधील तेलकटपणा काढणे आवश्यक असते. स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन लेन्स हलकेच पुसावी आणि पाच मिनिटे वाळू द्यावी. त्यानंतर तिला बोट लावू नये. काही लेपांना आधार मिळावा म्हणून पृष्ठभाग २००० किंवा ३००० च्या कागदावरच सोडावा लागतो, तर काहींना पूर्ण पॉलिश केलेला पृष्ठभाग चालतो. डबीवरील सूचना याबाबत प्रमाण मानावी. कापडाला लावावयाचा लेप असेल, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता, सरळ पट्टे ओढावेत आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर किंचित चढवावा. मागे फिरून राहिलेली जागा सावरण्याचा मोह टाळावा, कारण लेप काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतो आणि दुसऱ्यांदा फिरविलेले कापड त्यावर ओरखडे सोडते. त्यानंतर निदान २४ तास मोटार पाणी, दव आणि धूळ यांपासून दूर ठेवावी. हे काम पावसाळ्यात न काढलेलेच बरे. हिवाळ्यातही रात्री दव पडण्यापूर्वी मोटार छताखाली गेली पाहिजे.

कारखान्यातील लेप विशेष दिव्यांखाली किंवा उष्णतेने पक्का केलेला असतो. घरचा लेप त्याची बरोबरी करीत नाही. वर्ष-दीड वर्ष टिकला तर समाधान मानावे आणि पिवळसर झाक दिसू लागताच, दाट होण्याची वाट न पाहता, १५०० च्या कागदापासून पुन्हा काम करावे. पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटविणे हा आणखी एक पर्याय आहे. ती खराब झाल्यावर सोलून नवी लावता येते. मात्र लेन्सच्या दुहेरी वळणावर सुरकुती न पडू देता ती बसविणे कौशल्याचे काम आहे.

खर्चाचा विचार केला, तर कागद, पॉलिश आणि लेप यांना मिळून नव्या दिव्याच्या किमतीचा लहानसा अंशच लागतो. नवे दिवे घेताना स्वस्त नकली मालापेक्षा मोटार कंपनीचे किंवा नामांकित उत्पादकाचे दिवे घ्यावेत. नकली लेन्सवरचा लेप कसा आहे, हे दुकानात कळत नाही, दोन उन्हाळ्यांनंतर कळते.

जादा वॅटचा मोह

दिवा मंद वाटू लागला की अनेक वाहनधारक लेन्सकडे न पाहता बल्ब बदलतात. हॅलोजनच्या सर्वत्र आढळणाऱ्या ‘एच-४’ बल्बची क्षमता अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट असते. त्याजागी १०० आणि ९० वॅटचा बल्ब बसविला जातो. धूसर लेन्समधून हा जादा प्रकाश रस्त्यावर न पडता चहूकडे विखुरतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि स्वतःला मात्र पूर्वीइतकेच अंधुक दिसते. शिवाय जादा उष्णतेने लेन्सचा लेप लवकर जळतो, बल्बचा होल्डर वितळतो आणि मूळ तारांवर ताण येतो. हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात परस्पर एलईडी बल्ब बसविल्यानेही बऱ्याचदा हाच प्रकार घडतो. प्रकाशाचा उगम मूळ जागी नसल्याने झोत विस्कटतो. धुक्यात तर जादा प्रखर अप्पर म्हणजे चालकासमोर उभी केलेली पांढरी भिंतच.

दिव्यांची तपासणी प्रादेशिक परिवहन कार्यालयातही होते. व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणीस जावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करताना वाहन तपासले जाते. पण त्या दिवसाची वाट पाहत पंधरा वर्षे पिवळ्या दिव्यांनी काढावीत, असा त्याचा अर्थ नव्हे.

लेन्स स्वच्छ झाल्यावर एक काम उरते, ते झोताच्या उंचीचे. धूसर दिव्यात झोत वर गेला आहे की खाली, हे कळत नसते. लेन्स उजळताच तो दोष उघडा पडतो. सपाट जमिनीवर, भिंतीपासून सात-साडेसात मीटर अंतरावर मोटार उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारावी. डिपर लावल्यावर झोताची वरची कड त्या रेघेच्या किंचित खाली आली पाहिजे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून डाव्या अंगाला झोत थोडा वर चढलेला असतो. तो दोष नव्हे. उंची बदलण्याचे स्क्रू दिव्याच्या मागे असतात.

मागे भार भरला की मोटारीचे नाक वर उचलले जाते आणि झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो. द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या पिकअपच्या बाबतीत हे नेहमीचेच. अनेक मोटारींत डॅशबोर्डवर शून्य ते तीन असे आकडे असलेले एक छोटे चाक असते. ते याचसाठी दिलेले असते आणि बहुतेक मोटारींत ते पहिल्या दिवसापासून शून्यावरच असते. माल भरल्यावर ते वरच्या आकड्याकडे फिरवावे, झोत खाली येतो. रिकामी गाडी परत नेताना ते पुन्हा शून्यावर आणावे. ज्या वाहनांत असे चाक नाही, त्यांच्या चालकांनी भिंतीवरची तपासणी एकदा भरलेल्या गाडीनेही करून पाहावी.